प्राप्तीच्या लग्नातली धवलारीण

खारवाडी, ता. अलिबाग
९ जून २०२०

ती. ठमीआत्या हिस,
नीराचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळी धड आहोत, आधी तेवढं ऐकून घे. तीन तारखेच्या वादळानं घरावरचे पत्रे नेले आणि आंबा विहिरीवर आडवा केला. लाइट नाही, फोनचा नुसता डबा झालाय, म्हणून हे पत्र. कागद प्राप्तीच्या कॉलेजच्या वहीतला आहे, नावं ठेवू नकोस.

प्राप्तीचं लग्न तीस तारखेला अंगणातच करतोय. ती तारीख हुकली तर थेट दिवाळीनंतर, आणि होणारा जावई मितेश, त्याचे वडील आजारी आहेत. तोवर थांबायला ते तयार नाहीत. पन्नास माणसांची परवानगी मिळालीय. थोरले दीर हिरामण भावजी म्हणतात, यंदा गाणी गाऊन लग्न लावायला धवलारीण कशाला, भटजी दोन मंत्र म्हणेल, उरकून टाकू. प्राप्तीनं त्यांना तोंडावर सांगितलं की धवले गाऊन हळद लावली नाही, तर ती पाटावरच बसणार नाही. चारशे लग्नं लावलीस तू आत्या, हेही तूच लाव. कशीही ये बाई.

उशिरा कळवलं याचा राग असेल तर इथं येऊन काढ.
तुझी भाची,
नीरा

उरण
१४ जून २०२०

चि. नीरास,
ठमीआत्याचे अनेक आशीर्वाद.

(नीराताई, मी रचना, यांची सून. सासूबाई बोलतात तसंच उतरवतेय. शिव्या तेवढ्या गाळल्यात.)

मना येता येत न्हाय. आळीत पेशंट निघला, रस्त्याच्या तोंडाला बांबू ठोकलेत. दोनदा निघाले, दोनदा पोलिसानं परत धाडली. वय विचारतो मेला! एकाहत्तर हाय, म्हंजे काय मढं झाले व्हय?

मांडवात तू उभी रहा. लहानपणी तीन वर्सं माझ्या मागं उभी राहून ओळी झेलायचीस. सगलं पोटात हाय तुझ्या. धवले कागदावर मागू नको, ते तोंडातनं तोंडात जातात. कुठल्या टायमाला कुठला गायचा, ती यादी रचना मागच्या पानावर लिहिते.

घाबरू नको. घाबरलीस तरी गा.
आत्या

खारवाडी
१९ जून २०२०

ती. ठमीआत्या हिस,
शि. सा. न. वि. वि.

यादी मिळाली. पण माझ्यानं व्हायचं नाही.

प्राप्तीचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मागं पुतण्याच्या हळदीला जाऊबाईंनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि मला भाताच्या टोपाकडं पाठवलं. मी गुपचूप गेले आत्या, त्याचाच मला जास्त संताप येतो. धवलारणीचं बोट पहिलं लागतं. भावजींनी साफ सांगितलंय, विधवेचा हात पोरीला पहिला नको. उद्या तिला काही झालं तर गाव मला खाईल, आणि गावाच्या आधी मीच मला खाईन. तू येशील तोवर लग्न ढकलावं म्हणते. मितेशकडं बोलणी अजून केली नाहीत.

रागावलीस तरी तोडू नकोस.
नीरा

उरण
२३ जून २०२०

चि. नीरास, आशीर्वाद.

ढकलशील तर तंगडी मोडीन. मी एकोणतीस वर्सांची व्हते तवा माझा नवरा गेला आन तिसाव्या वर्साला मी मांडवात उभी राहिले. तुना पयली हळद कुणी लावली? मी. हिरामणला? मी. त्याच्या बायकोला? मीच. त्याला इचार, काय वाकडं झालं त्याचं? पाच नातवंडं आन ही ढेरी!

आन तुझा नवरा बाबाजी गेला तो ट्रेलरखाली, माझ्या हळदीनं न्हाय. असं कधी मनात आलं आसंल तर आजच धुऊन टाक.

गेलेल्या माणसांना मांडवात बोलवायचा धवला येतो, तिथं बाबाजीचं नाव घ्यावं लागंल. तिथं गला बसंल. बसू दे. परत पयल्यापासनं धर. नाव गालायचं न्हाय.

(ताई, हे सांगताना सासूबाई दोनदा मोरीवर जाऊन तोंड धुऊन आल्या.)

जीव हाय तुझ्यावर, म्हनून वरडते.
आत्या

खारवाडी
२ जुलै २०२०

ती. ठमीआत्या हिस,
शि. सा. न. वि. वि.

लग्न लागलं, ठरल्या तारखेलाच. भावजींना तुझा प्रश्न मी हळदीच्या मांडवात सगळ्यांसमोर विचारला. ढेरीचं गाळलं. ते खांबाला टेकून पोटावरचा सदरा ओढत राहिले, जाऊबाईंना मात्र हसू आवरेना. मग मी तांदळाच्या पिठानं चौक पुरला आणि गायला उभी राहिले.

देवांची नावं झाली, सासू-सासऱ्यांची झाली. बाबाजी म्हणायला गेले आणि गळा बसला. परत धरलं, परत बसला. कुणी मदतीला आलं नाही, आणि बरंच झालं. मास्क काढून कमरेला खोचला, तिसऱ्यांदा पहिल्यापासून धरलं आणि नाव घेतलं, पार रस्त्यावर ऐकू जाईल असं. सहा वर्षांत एकदाही मोठ्यानं घेतलं नव्हतं गं.

गाणं संपल्यावर जाऊबाई हळदीची वाटी घेऊन उठल्या. मला वाटलं, आता पुन्हा तेच. त्यांनी ती माझ्या हातात दिली. प्राप्तीनं गाल पुढं केला आणि पहिलं बोट मी लावलं.

मितेशच्या मावशीनं मला मार्गशीर्षात तिच्या मुलीचं लग्न लावायला बोलावलंय. हो म्हटलं. कुणाला विचारलं नाही.

ओरडायचं सोडू नकोस. बाकी काही मागणं नाही.

तुझी भाची,
नीराबाई,
धवलारीण