खोट्या ठिपक्यांचा मास्तर

३ तारीख
सूनबाई, तू वही देऊन आठवडा झाला आणि मी ती आज उघडतोय, रागावू नकोस. नोकरी झकास आहे. बंदराच्या मनोऱ्यावर खुर्ची, पंखा, दुर्बीण. रडारच्या पडद्यावर ठिपका उमटला की खिडकीतून बघायचं. बोट दिसली तर हिरवं बटण, नाही दिसली तर लाल. चोर लोक रडारच्या जाळ्यात घुसून खोटे ठिपके सोडतात म्हणे. माझी बटणं बघून संगणक खरं-खोटं ओळखायला शिकणार. इंजिनीअरबाई मला मास्तर म्हणतात. चौथी नापास मास्तर! तुझा नवरा होडीत जाळं भरत होता, ऐकून पोट धरून हसला.

९ तारीख
डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे इथे बोललो नाही. मोठी जहाजं दिसतात. लहान होड्या पाण्यात विरघळतात. दिसत नाही म्हणालो तर घरी बसवतील, म्हणून लाल दाबतो. एवढ्याशा ठिपक्याने कोणाचं काय बिघडतंय?

१७ तारीख
संगणक शिकला. खोटा वाटलेला ठिपका तो आता कोणाला न विचारता सगळ्या जहाजांच्या पडद्यांवरून पुसतो. बाईंनी पाठ थोपटली आणि माझी खुर्ची कोपऱ्यात सरकवली. महिनाअखेरपर्यंत बसा म्हणाल्या.

१९ तारीख
एक होडीवाला भांडायला आला. धुक्यात जहाज अंगावर येता येता वाचला. बाईंनी नोंद दाखवली, तिथे होडीच नव्हती. मग मी कोण, भूत का, असं त्याने विचारलं. सगळे हसले. मीही हसलो.

२० तारीख
दिवसभर पडद्यासमोर. ठिपका उमटतो, थरथरतो, जातो. सगळ्या लहान होड्या. एकूण एक. संगणक माझ्याच डोळ्यांनी बघतोय.

२१ तारीख, सकाळ
दाट धुकं. बाईंना मोतीबिंदूचं सांगितलं. त्या पांढऱ्या पडल्या. पुन्हा शिकवायला महिना लागेल, बंद करायला वरून परवानगी हवी, मास्तर, हे आधी बोलायचं होतं, म्हणाल्या. सूनबाई, तुझा नवरा आज होडी घेऊन गेलाय का? तुम्हा दोघांचाही फोन लागत नाही.

दुपार
खडकाजवळून वळणारा ठिपका — तशी होडी तोच वळवतो — उमटला. पुसला. त्याच वाटेवर मोठं जहाज. वायरलेसवर ओरडलो. कप्तान शांतपणे म्हणाला, पडद्यावर समोर काहीच नाही —

वही शिपायाबरोबर पाठवतोय. माझा पोरगा घरी असला तर लगेच निरोप धाड, सूनबाई, एका शब्दाचा, नुसतं आहे म्हण, मी इथे खिडकीशी — जहाज थांबलंय, पाण्यात काहीतरी —