मैनामावशीच्या पाठीवरचा चौकोन

प्रिय बाबा,

काल फोनवर तू मला गप्प केलंस. माझ्या नोकरीची काळजी वाटली असेल. म्हणून लिहिते आहे, आता मधे बोलता येणार नाही तुला.

मैनामावशीच्या पाठीवर उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली जो लाल चौकोन उठलाय, तो गजकर्ण नाही. ते मलम थांबवा. आमच्या हॉस्पिटलने 'शेकल्यामुळे भाजले' असं लिहून दिलंय, तेही खोटं. शेकायच्या रबरी पिशवीला कुठे असे काटकोन असतात? तो क्ष-किरणांचा चौकोन आहे. महिन्याभरापूर्वी तिच्या हृदयाची बंद नस उघडताना टेबलाखालून अडीच तास किरण त्याच एका जागेवर पडत होते.

तू तीस वर्षं अणुकेंद्रात छातीला किरण मोजायचा बिल्ला लावून गेलास. बिल्ल्याचा आकडा जरा वाढला की साहेब तुला दुसऱ्या कामावर धाडायचे आणि तू घरी येऊन कुरकुरायचास. आमच्याकडे डॉक्टरांना बिल्ला, मला बिल्ला, दोघांनाही शिशाचा झगा. आणि जिच्या अंगात किरण शिरतात तिला? पातळ हिरवं कापड. तिचा आकडा पडद्यावर दिसतो, पण तिच्या कागदावर उतरवताना यांची शाई संपते. उपाय तरी काय अवघड होते? गरज नसेल तेव्हा किरण सोडायच्या पॅडलवरून पाय उचलायचा, किरणांची खिडकी लहान करायची, मधूनमधून मशीनचा कोन बदलायचा, म्हणजे सगळा मार एकाच कातडीवर बसत नाही. पण घाई, आणि वर तोरा. बदनाम मात्र तुमचं केंद्र.

कुंदनला मी सांगायला गेले, की तुझ्या आईला डोस फार झालाय. तर तो म्हणतो, "मंग बरंच झालं की, तेजलताय. कमी डोसानं गुण येत नाय, आमाला म्हायती हाय." चहा पाजून पाठवलं त्याने मला. त्याची काय चूक? गावात डोस म्हणजे औषध, आणि ते पुरतं मिळावं म्हणून माणसं भांडतात. किरणांचा डोस कमी हवा असतो, हे आपल्या घिवलीत फक्त तुम्हा केंद्रातल्या माणसांना ठाऊक. पण आमच्या मॅनेजरला तर ठाऊक आहे ना? तो हसून म्हणाला, पेशंटची तक्रार नाही, मग तुझी कशाला?

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. दीड तासातच आकडा धोक्याच्या पुढे गेलेला मी पाहिला होता. मागे एकदा बोलले, तेव्हा डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले होते, तू मशीन बघ, डॉक्टरकी करू नकोस. म्हणून त्या दिवशी तोंडाला कुलूप लावलं. मावशी तेव्हा माझ्याकडे बघून हसत होती, आपली पोर आहे म्हणून निर्धास्त. मला त्याची फार लाज वाटते.

सोमवारी मुंबईत तिची दुसरी नस उघडणार आहेत. तिथल्या डॉक्टरांना पहिला आकडा कळला नाही, तर ते तोच कोन लावतील आणि त्या कातडीला महिनोन् महिने न भरणारी जखम होईल. मी तीनदा मागूनही हॉस्पिटल आकडा लिहून देत नाही. म्हणून मी देते: किरणांचा डोस सात पूर्णांक दोन दशांश ग्रे, अडीच तास, पाठीची उजवी बाजू. हे पत्र मावशीच्या फायलीत सगळ्यात वर लाव आणि तू स्वतः तिच्याबरोबर जा. खाली पूर्ण नाव लिहिलंय. कोणी विचारलं तर झाकू नकोस.

तुझीच,
तेजल जानू तांडेल
क्ष-किरण तंत्रज्ञ