एकाच फोटोवर

बाबा, इतकी वर्षं मला तुमचाच संशय होता. आज तो घेऊन लिहायला बसले, कारण सोमवारी माझी अक्कलदाढ काढणार आहेत.

दाढ हाडात आडवी झोपली आहे. धंतोलीतल्या ज्या सेंटरमध्ये मी लोकांच्या जबड्याचे फोटो काढते, तिथंच माझाही काढून घेतला. दाढेचं मूळ आणि खालच्या ओठाला जाणारी नस एकमेकांवर आलेली दिसतात. नस पुढून गेली की मागून, ते साध्या फोटोत कळत नाही. दातांचे डॉक्टर म्हणाले, "थ्रीडी स्कॅन करून घ्या." मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, यांचं काय जातं सांगायला. दवाखान्यांनी भरलेल्या या धंतोलीत नोकरी केली की कमिशनसाठी लिहिलेल्या तपासण्या रोज दिसतात, आणि माणूस डॉक्टरच्या प्रत्येक चिठ्ठीकडे वाकड्या नजरेनं बघतो.

खरं तर एका फोटोवर थांबू नये, हे तुम्हीच शिकवलं. दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचे तुम्ही; डार्करूममधून ओली फिल्म घेऊन यायचे, दिव्यासमोर धरायचे आणि मला म्हणायचे, "एकावर भरोसा नाही ठेवाचा वं. नळी जराशी सरकवून दुसरा काढाचा, मंग समजते कोण पुढं अन् कोण मागं." शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या जरीपटक्याहून आलेला पेशंट कुरकुरला तरी त्याला परत खुर्चीत बसवायचे. मग आईच्या वेळी काय झालं? तिची दाढ काढली आणि डावीकडचा ओठ कायमचा बधिर झाला. जेवताना हनुवटीवर वरण ओघळायचं, तिला पत्ता नसायचा. तुम्ही रुमाल पुढं करायचे. मी ताटावरून तुमच्याकडे बघत राहायचे. तुम्ही गेल्यावर कपाटात तिचा लिफाफा सापडला, आत एकच फिल्म. आईला विचारलं, बाबांनी दुसरी काहून नाही काढली? ती म्हणाली, "त्याइच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसायबानं फुकट काढू देली होती. पुन्हा कसं मांगावं, म्हणत होते तुहे बाबा. मीच म्हटलं, राहू द्या, एकात भागते." मला ते पटलं नाही. घरचंच माणूस म्हणून आळस केला असेल आणि आई तुम्हाला पाठीशी घालते आहे, असंच मी धरून चालले. तुमचा रागच होता मनात.

आज दुपारी आमच्या सेंटरच्या सरांनी विचारलं, "मॅडम, झालं तुमचं? अजून काही काढायचं का?" स्टाफचे पैसे घेत नाहीत आमच्याकडे. थ्रीडीचं मशीन रिकामंच होतं. मी म्हटलं, "नाही सर, एकात भागते." खुर्चीवर येऊन बसले तेव्हा कळलं, मी काय बोलले ते. डॉक्टरवरचा संशय ही नुसती सबब होती. फुकटचं पुन्हा मागायची मला लाज वाटली.

हा कागद आईच्या लिफाफ्यात, त्या एका फिल्मसोबत ठेवते आहे. उद्या सरांकडे मागेन, असं लिहिणार होते. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं, "सर, दुसरा काढायचा आहे." ओठ अजून शाबूत आहे बाबा, तरी आवाज निघत नाही.