सोळा बरगड्यांचा घुमट

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा रंगीत काचांच्या खिडक्यांची आणि जुन्या दालनांची दुरुस्ती, असे लिहून ठेवते की हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र आहे. ते मी स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही. पण हे सांगताना ते माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होते, म्हणून आजच लिहायला बसले. वकीलबाई समोर आहेत. थोडक्यात लिहा, असे त्यांनी दोनदा सांगितले आहे. ते माझ्याने होणार नाही.

कलम एक. कार्यशाळेवरच्या दोन खोल्या आणि खालची पुढची खोली माझ्या एकटीच्या मालकीच्या आहेत. त्या मी माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला देते. तिला सगळे ठिणगी म्हणतात. खालच्या खोलीत तिच्या आईने राहावे अशी माझी इच्छा आहे, अट नाही. माझ्या भावजयीला जिना चढवत नाही. ते माझ्यामुळे.

कलम दोन. काच कापायची चाके, शिशाचे सांधे जोडायच्या सोल्डरिंग इस्त्र्या, शिशाच्या पट्ट्या ताणायचा शिकंजा आणि भट्टी हेही ठिणगीचे. भट्टीचे दार डाव्या बाजूला अडकते. त्याला लाथ मारायची नाही, वर उचलून ओढायचे. मोठी शिडी चौकटवाल्या सुताराला. नऊ वर्षांपूर्वी तो ती एका दिवसासाठी घेऊन गेला आहे. आता ती त्याचीच झाली, म्हणजे मला बघून रस्ता ओलांडायची त्याला गरज उरणार नाही. तसेही मी कुठे दिसणार म्हणा. बँकेत जे काही असेल ते माझ्याकडे काम करणाऱ्या दोघींना अर्धे अर्धे.

कलम तीन. वडिलांच्या आराखड्यांच्या गुंडाळ्या. आमच्या घराण्याचे खरे धन हेच. आजोबांनी काच कापायला सुरुवात केली, वडिलांनी खिडक्यांबरोबर छते आणि गिलाव्याची नक्षीही हाती घेतली, आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक खिडकीचा पूर्ण मापाचा आराखडा काढून ठेवला. कुठली काच कुठून तडकली होती, कुठे शिसे नवे घातले, सगळे त्यात आहे. एकूण दोनशे बारा गुंडाळ्या. त्या माझ्या बाजूच्या माळ्यावर आहेत. भावाने त्यांच्यासाठी मला दोनदा वकिलाची नोटीस पाठवली. दोन्ही वेळा मी नोटिशीवर काच ठेवून कापली.

या गुंडाळ्या मी भावाला देते, पण एका अटीवर. ती अट कळायला पुढची दोन कलमे वाचावी लागतील.

कलम चार. बावीस वर्षांपूर्वी मला आणि भावाला शहरातल्या मोठ्या सभागृहाचे काम मिळाले. त्या सभागृहाला काचेचा घुमट आहे. सोळा लोखंडी बरगड्या, मध्ये चौसष्ट काचा, वर पत्र्याचे छप्पर. काचा मी उतरवल्या, धुतल्या, नव्या शिशात बसवल्या. छत, सोनेरी वर्ख आणि बरगड्या भावाकडे. परत बसवायच्या दिवशी मी परांचीवर चढले आणि उत्तरेकडच्या बरगडीच्या बुडाशी सहज पेचकस लावला. लोखंडाचे पापुद्रे निघाले. छपरातून वर्षानुवर्षे गळलेले पाणी तिथेच मुरले होते.

मी खाली उतरले आणि म्हटले, "सोळाही बदल."

भाऊ म्हणाला, "वरवरचा गंज आहे, ताई. घासून रंग दिलाय मी."

"घासल्यावर उरलं किती ते बघितलंस?"

"नव्या घडवायला चार महिने लागतील. उद्घाटनाची तारीख छापून झालीय."

"तारीख वर टांगायची नाहीये. काचा टांगायच्या आहेत."

शब्दाला शब्द वाढला. शेवटी तो म्हणाला, "सही माझी आहे, जबाबदारी माझी." मी काचा बसवल्या. हे मी लपवत नाही. मी हटून बसले असते तर काम थांबले असते. मी हटून बसले नाही.

उद्घाटनाच्या दुपारी सभागृहात तीनशेच्या वर माणसे होती. शाळेतल्या मुली गाणार होत्या, त्या बरोबर घुमटाखाली उभ्या होत्या. मी तिसऱ्या रांगेत होते. भाऊ व्यासपीठावर. माझी मान सारखी वर जात होती. वर दिवे लावले आणि थोड्या वेळाने एक आवाज आला. नख मोडावे इतका बारीक. भाषण चालू होते, दुसऱ्या कोणाला तो ऐकू जाणे शक्य नव्हते. पण ताण आलेली काच कशी बोलते हे मी वयाच्या नवव्या वर्षापासून ऐकत आले आहे. उत्तरेकडच्या एका निळ्या काचेत केसासारखी रेघ उमटली होती. मी बघत असतानाच ती वीतभर पुढे गेली.

मी उठले. "सगळे बाहेर चला. भिंतीच्या कडेने. मधून कोणी जाऊ नका."

भाषण थांबले. भावाने माइक हातात घेतला. "ताई, खाली बस."

"आधी त्या मुलींना तिथून हलव."

"ताई, लोक बघताहेत. बस खाली."

मी बसले नाही. मी दाराशी गेले, आगीच्या घंटेची काच कोपराने फोडली आणि घंटा वाजवली.

तीनशे माणसे एकदम उठली की काय होते ते मी तोवर पाहिले नव्हते. मी कडेने म्हटले होते. कोणी ऐकले नाही. बाहेरच्या दगडी पायऱ्यांवर माझी भावजय सहा वर्षांच्या ठिणगीला कडेवर घेऊन उतरत होती. मागून धक्का आला. पोरीला ओरखडाही आला नाही, कारण आईने हात सोडले नाहीत. हात टेकून स्वतःला सावरायचे तिने टाळले आणि खुब्याचे हाड मोडून घेतले. तीन ऑपरेशने झाली. पाय दोन बोटे आखूड राहिला.

घुमट पडला नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीची माणसे आली, त्यांनी दुर्बिणीने खालून पाहिले आणि दिव्यांच्या उष्णतेने एक काच तडकली असे लिहून दिले. त्याच दुपारी भावाने सभागृहाच्या मंडळाला पत्र दिले. त्याची प्रत माझ्याकडे आहे आणि या मृत्युपत्राला जोडली आहे. त्यातले एकच वाक्य इथे उतरवते: "माझ्या बहिणीची मानसिक प्रकृती गेले काही महिने ठीक नसून तिच्या वागण्याचा कामाच्या दर्जाशी संबंध नाही."

काम वाचले. धंदा वाचला. त्यानंतर मला माझ्या नावावर एकही मोठी खिडकी मिळाली नाही. न्हाणीघरांची तावदाने केली, दुकानांची दारे केली. चांगली कामे केली तीही दुसऱ्यांच्या नावाने. कार्यशाळेत मधोमध प्लायवूडची भिंत आली. बावीस वर्षे मी भावाचा खोकला ऐकते आहे आणि तो माझा.

भावजयीबद्दल लिहिले नाही तर हे कलम खोटे होईल. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा मी तिच्या पायाशी बसून माफी मागायला गेले. ती म्हणाली, "वन्सं, मला एकच सांगा. तुम्हाला खरंच दिसलं होतं?" मी हो म्हटले. ती म्हणाली, "मग रडू नका." पण पुढे काही वर्षांनी, गार हवेत तिचा पाय ठणकत असताना, मी तिच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न पुन्हा पाहिला. तो तिने विचारला नाही. विचारला असता तर तोपर्यंत मलाही उत्तर माहीत नव्हते. न पडलेल्या घुमटाखाली माणूस किती वर्षे ठामपणे उभा राहणार? पुढेपुढे मला वाटू लागले की भावाने लिहिले तेच खरे असेल.

कलम पाच. ठिणगी एकोणिसाव्या वर्षी बापाची बाजू सोडून माझ्या बाजूला काम शिकायला आली. गेल्या ऑक्टोबरात सभागृह दुरुस्तीसाठी बंद झाले, तेव्हा तिथल्या नव्या इंजिनिअर मुलीने काचांची मापे घ्यायला हिला बोलावले. दोघी छप्पर आणि घुमट यांच्या मधल्या पोकळीत सरपटत गेल्या. खालून ती जागा दिसत नाही, दुर्बिणीनेही नाही.

ठिणगी परत आली ती हात न धुताच माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आत्या, बरगड्यांना पट्ट्या आहेत."

"कसल्या पट्ट्या?"

"पोलादी. बुडाशी, दोन्ही बाजूंनी, बोल्ट मारून. सोळाच्या सोळा. मूळ लोखंड बोटाने चुरगळतंय. इंजिनिअर म्हणाली की या पट्ट्या नसत्या तर घुमटाने एक वर्षही काढलं नसतं." मग तिने हातावरचा गंज पुसला. "प्रत्येक पट्टीवर आतून खिळ्याने तारीख कोरलीय. अक्षर बाबांचं आहे."

पहिली तारीख उद्घाटनानंतरच्या चौथ्या दिवसाची आहे, उत्तरेकडच्या बरगडीवर. शेवटची सात महिन्यांनंतरची. सगळे सोमवार. सोमवारी सभागृह बंद असते आणि देखभालीची किल्ली भावाकडे होती. ठिणगीला आठवले, ती लहान असताना बाबा सोमवारी कोपरे सोलवटून घरी यायचे आणि आई विचारायची, एवढं कुठे घासून आलात?

दुसऱ्या दिवशी पत्र. चौथ्या दिवशी पट्टी.

हे ऐकून मला बरे वाटले असेल असे कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. मला इतका संताप आला की त्या दिवशी माझ्या हातून तीन काचा फुटल्या. तो वर चढला होता. त्याने बघितले होते. एका माणसाला बत्तीस जड पट्ट्या त्या फटीतून एकट्याने न्यायला काय लागले असेल ते मला कळते, कारण ते काम मला येते. आणि खाली उतरून, माझ्या भिंतीपलीकडे उभा राहून, त्याला दोन शब्द बोलायला जमले नाहीत. मी तीन वेळा त्या प्लायवूडवर थाप मारायला हात उचलला. तिन्ही वेळा खाली घेतला.

म्हणून कलम तीनची अट अशी: भावाने आपल्या बायकोसमोर आणि मुलीसमोर हे कलम मोठ्याने वाचावे. वाचले तर गुंडाळ्या त्याच्या.

कलम सहा. इथवर लिहून झाले आणि अडचण आली. साक्षीदार म्हणून समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, पण दुसरा साक्षीदार, चौकटवाला सुतार, तापाने पडल्याचा निरोप आला. (बहुधा शिडीची भीती.) वकीलबाईंना साडेपाचची गाडी गाठायची होती. त्यांनी मला न विचारता भिंतीपलीकडे हाक मारली, "कोणी आहे का? एक सही हवी होती." तिकडे करवत चालू होती. ती थांबली.

भाऊ आला. दारात उभा राहिला. बावीस वर्षांत इतक्या जवळून त्याला पाहिले नव्हते. केस पार पांढरे, भुवयांत गिलाव्याची पूड.

वकीलबाईंना नाते कळल्यावर त्या गडबडल्या. म्हणाल्या, "तुम्हाला नाही चालणार. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आणि यात तुमच्या नावे काही आहे. सही केलीत तर ते जाईल." (म्हणजे सुतार आला असता तर शिडीही गेली असती.)

त्याने विचारले, "काय आहे?"

मी म्हटले, "गुंडाळ्या."

तो वकीलबाईंकडे वळून म्हणाला, "साक्षीदाराने काय लिहायचं असतं?"

"लिहिणाऱ्यांनी आमच्यासमोर सही केली, आणि सही करताना त्या पूर्ण शुद्धीवर होत्या, एवढंच."

त्याने चष्मा लावला आणि कागद घेतले. उभ्यानेच वाचू लागला. चौथ्या कलमाशी त्याचा अंगठा बराच वेळ एका जागी राहिला. पाचव्या कलमाला तो खाली बसला. डॉक्टरांनी त्याला पाणी दिले, ते त्याने हातातच धरले.

"मला वाटलं, सगळ्या बसवून झाल्या की सांगेन," तो म्हणाला. "मग सात महिने झाले होते. मग वर्ष झालं."

"आणि मग?"

"मग तू मला विचारलंस तर सांगेन असं ठरवलं."

"मी कशाला विचारू? मी वेडी होते ना."

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तो वकीलबाईंना म्हणाला, "गुंडाळ्या ठिणगीच्या नावे करा. पेन द्या."

म्हणून कलम तीन आणि त्यातली अट मी रद्द करते. दोनशे बारा गुंडाळ्या ठिणगीच्या.

कलम सात. मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. यात फेरफार करायचा झाल्यास तो मी ऑपरेशननंतर स्वतः करीन.

ठिकाण: कार्यशाळा, खालची पुढची खोली.
दिनांक: शुक्रवार, ६ मार्च २०२६, दुपारी पावणेपाच.

लिहिणारीची सही.

साक्षीदार पहिला, समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर: माझ्यासमोर सही केली. लिहिणाऱ्या पूर्ण शुद्धीवर आहेत. नाडी जलद, पण नियमित.

साक्षीदार दुसरा, लिहिणारीचा धाकटा भाऊ: सगळे वाचले. माझ्यासमोर सही केली. ताई पूर्ण शुद्धीवर आहे. त्या दिवशीही होती.