आईचा दगड आडवा नेल्याबद्दल

दिघाशी, रविवार दुपार

ती. सरलाताईच्या चरणी धाकट्या केसरीनाथचा साष्टांग नमस्कार. (एरवी मी नुसता नमस्कार लिहितो. या खेपेला साष्टांग का, ते पुढे कळेल.) तुझी शुगर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला हटला का? नाशिकची थंडी त्यांना मानवत नाही, त्यांना मफलर घालायला लाव. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मी खोटं बोलायला लागलो की दुसऱ्याच वाक्याला तू "केसऱ्या!" म्हणून ओरडतेस. कागद मध्ये बोलत नाही.

आईच्या वर्षश्राद्धाच्या आत गावच्या स्मशानात तिच्या नावाचा दगड बसवायचा आणि तो आपल्या नातवंडांच्या हयातीपर्यंत टिकला पाहिजे, अशी तुझी आज्ञा होती. निवडीत मी कुठेही कमी पडलो नाही, हे आधी ऐकून घे. करड्या दगडाला रंग फासून काळा ग्रॅनाइट म्हणून खपवतात, हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. म्हणून तुझ्या भावजयीची, विनिताची, नेलपॉलिश काढायची बाटली खिशात घालून भिवंडीला गेलो आणि दुकानातले सात दगड कापसाने एकेक करून पुसले. (दोन दगडांवर कापूस काळा झाला, आणि दुकानदाराचं तोंडही.) मग नाण्याने ठोकून पाहिलं, आत भेग असली तर आवाज बद्द येतो म्हणून. शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, सून बघायला गेलात तरी एवढं बघणार नाही." पण दगड मिळाला तो असा, की त्यात माझं तोंड दिसत होतं. आठ दिवसांनी त्यावर 'कै. ठकुबाई' कोरलेलं पाहिलं आणि मी भर दुकानात रडलो. त्याची लाज नाही वाटत. लाज पुढची आहे.

दगड न्यायला निजामपुऱ्यातला मुश्ताकभाई टेम्पो घेऊन आला. आपल्या घराच्या लाद्या यानेच आणल्या होत्या, आठवतं ना? त्याने टेम्पोत लाकडी घोडा मांडला आणि दगड त्याला टेकवून उभा बांधायला घेतला. उभा! ताई, आईचं आयुष्य उभं राहण्यात गेलं. एसटीत उभी, रेशनला उभी, आपली जेवणं होईपर्यंत चुलीपाशी उभी. गुडघ्यांचे पार खुळखुळे झाले. अकलोली इथून हाकेच्या अंतरावर, "तिथल्या गरम कुंडात पाय सोडायला नेतो तुला," असं मी तिला सहा वर्षं म्हणत होतो. नेलं नाही. दर रविवारी काहीतरी निघायचं. (काय निघायचं, ते आता एकही आठवत नाही.) आणि आता तिला दोऱ्यांनी आवळून उभी नेतात हे पाहिल्यावर माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, आडवी ठेवा. मुश्ताकभाई म्हणाला, "साब, पत्थर खडा ही जाता है. लिटाया तो बीच से टूटेगा." दुकानदारानेही तेच सांगितलं. मी म्हटलं, "मेरी माँ है, खडी नहीं जाएगी." शेजारच्या दुकानातून नवी गादी आणली, टेम्पोत अंथरली आणि दगड तिच्यावर निजवला. उशीही दिली. (हस. विनिता अजून हसते आहे.)

मुश्ताकभाईने टेम्पो इतका सावकाश चालवला की एक म्हातारा सायकलवरून आमच्या पुढे गेला. मी मागे दगडावर हात ठेवून बसलो होतो. अंबाडीच्या अलीकडे एक खड्डा आला, फार मोठाही नव्हता. गादीतून टक् असा आवाज झाला. नाव वरच्या तुकड्यात राहिलं, तारखा खालच्या.

स्मशानापाशी अर्धा गाव जमला होता. चुलतभाऊ भाऊने विचारलं, "कोनी फोडला रं ह्यो?" आणि ताई, मी मुश्ताकभाईकडे बोट दाखवलं. म्हटलं, "यानंच. खड्डा बघितला न्हाय." त्याने माझ्याकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं, माझ्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हाँ, गलती हो गई." बस्स. कुणी त्याला बसही म्हटलं नाही.

भाऊच्या मेघालीच्या लग्नाचं सामान मुश्ताकभाईच्या टेम्पोतून जायचं होतं, ते भाऊने दुसऱ्याला दिलं. दोघांनी भाताची पोती न्यायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. आणि तू आपल्या गावच्या ग्रुपवर लिहिलंस, "त्या टेम्पोवाल्याला पुन्हा गावात पाऊल ठेवू देऊ नका." त्याला एकतीस अंगठे आले. त्यातला एक माझा आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. (आशीर्वाद द्यायला माझं तोंड नाही, पण रीत आहे.)

तुझा,
केसरीनाथ

ता.क. दगडाची काळजी करू नकोस. त्याच दुकानात दुसरा कोरून होतोय. गुरुवारी मुश्ताकभाईच आणणार आहे, उभा बांधून. मी गयावया केल्यावर तो तयार झाला. त्याची अट एकच, "साब, आप एसटी से आना."

ता.क. दुसरा. खरं काम हे, की हे पत्र तू ग्रुपवर टाक. ग्रुपचा अ‍ॅडमिन मी आहे, मान्य. मी अकरा वेळा लिहिलं आणि अकरा वेळा पुसलं. 'हा मेसेज डिलीट केला आहे' असं सगळ्यांना ओळीने अकरा वेळा दिसलं. दीपेशने फोन करून विचारलं, काका, कोण गेलं?

ता.क. तिसरा. विनिताने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, अकलोली आणि गुडघे लोकांना माझी दया यावी म्हणून लिहिलेत. खरं आहे. तो मजकूर गाळ. बोट दाखवलेलं गाळू नकोस, माझ्या नावासकट राहू दे. कुरिअरने मंगळवारी मिळेल, मिळाल्याबरोबर टाक. गुरुवारी तो गावात शिरेल तेव्हा खाली मान घालून शिरायला नको. मान घालायला मी आहे.