प्रत्यक्ष पाहिलेल्या चाळीस खाटा

सोमवार
चिमे, आधी सगळ्यांची चौकशी. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा रक्तदाब? सूनबाईची कंबर? धाकट्या नातीला दात आले का? मी ठणठणीत. रोज थोडं लिहून ही वही तुला पाठवणार आहे, म्हणजे ‘ताई काही कळवत नाही’ हे तुझं पालुपद बंद.

नवी जागा झकास आहे. खोलीला दोन खिडक्या, ऑफिसात स्वतंत्र टेबल. काम तेच, फ्लूची साथ आली तर सरकार काय करणार याचे आराखडे तपासून गुण द्यायचे. शाळा चौथीत सुटली, पण वाचायची खोड सुटली नाही, ती अशी कामी आली. इथला कारकून म्हणतो, मावशी, गुण फार हात राखून देता, भाजीत मीठही असंच घालता का? म्हटलं, जेवायला ये, कळेल.

मंगळवार
इथला जुना आराखडा उघडला. दोन वर्षांपूर्वी तो मीच तपासला होता, घरी बसून. जुन्या गोदामात चाळीस खाटांचा वॉर्ड. ‘प्रत्यक्ष पाहिले’ या चौकटीत खूण, खाली माझी सही. तेव्हा तुझ्या सुनेचं पहिलं बाळंतपण होतं, प्रवास जिवावर आला. फोन केला, पलीकडून ‘आहेत की खाटा’ म्हणाले. खूण केली. आम्ही सगळेच तसं करायचो.

कारकून सहज बोलून गेला. मागच्या साथीत रुग्णालय भरलं, तेव्हा आराखड्यात आहे म्हणून एकोणीस जणांना त्या गोदामात नेलं. आत एकही खाट नव्हती. साथ पसरू नये म्हणून बाहेरून कडी. कुणी वाचलं नाही. कुठल्या शहाण्यानं पाहिलं होतं कोण जाणे, म्हणाला. मी चहा ढवळत राहिले. साखर घातलीच नव्हती.

बुधवार
भर दुपारी गोदामात गेले. राखणदार बाईनं कुलूप काढलं, पण ती उंबऱ्याबाहेरच थांबली. आत नुसती झाडलेली फरशी. भिंतीपाशी कुणीतरी खोकलं. मग त्याच्या शेजारी. मग रांगेनं. मी मोजले. एकोणीस.
बाई म्हणाली, खाटांचं विचारतात ते. मी ओ देत नाही, मावशी, तुम्हीही देऊ नका.

गुरुवार
खरं सांगून टाकायचं ठरवून ऑफिसात गेले. नवा अहवाल टाइप होऊन तयार होता: वॉर्ड सज्ज, चाळीस खाटा. वरून घाई आहे, खूण तेवढी करा, कारकून म्हणाला. इतक्या वर्षांचं नाव — तोंडाशी आलेलं गिळलं.
पुन्हा खूण केली, चिमे.

शुक्रवार
आता टेबलाखालून खोकला. इतरांना ऐकू येत नाही. एक म्हातारा आवाज, फार आदबीनं — बाई, खाटा कधी येणार?
शिव्या दिल्या असत्या तर बरं —

शनिवार
खूण खोडायला गेले. कागद वर गेलाय. कारकुनाला सांगितलं, तो शहाणा म्हणजे मीच. थट्टा पुरे, म्हणाला.
मग इथे गोदामात आले. त्यांचीच माफी —
दिसले. फरशीवर, ओळीनं. माझ्यासाठी जरा सरकले. ती जागा अजून ऊबदार —

रविवार
बाहेरून कडी. राखणदार बाईला हाका मारते. ती ओ देत नाही.
खोकला माझाच —
वही दाराखालून सरकवतेय. चिमे, उत्तर लवकर लिही. आणि खाटांचं कुणाला विचारता आलं तर — चाळीस नकोत — निदान वीस —