वरचा थर

आप्पा, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसलो आहे. मध्येच उठून जाऊ नका.

काल मुलीकडची माणसं आपलं घर बघायला आली होती, मुलगीही होती. सकाळीच आई म्हणाली, "ती खुनाची पुस्तकं पेटीत टाक. दहावीला शाळा सुटलेली, अंबडला कारखान्यात कामाला, त्यात हे वाचतो म्हटल्यावर कोण मुलगी देईल तुला?" मी नाही म्हणालो. घाबरत का होईना, पण नाहीच म्हणालो. कारण आईच्या तोंडून तुम्हीच बोलत होतात. असंच एकदा स्वयंपाकघरात तुम्ही माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं होतं. "गोड बोलणारी म्हातारी, गावाला चहा पाजते, लोणचं वाटते, अन् शेवटी तीच खुनी? लोकांना फशी पाडायचे धंदे हायेत हे. खोटं वाचून पोरगं खोटंच निघायचं."

खोटं? मग आपल्या टोमॅटोच्या कॅरेटचं काय, आप्पा? अजून डोळ्यांसमोर आहे, तुम्ही बारका माल खाली ढकलता, वर एकसारखी लालबुंद फळं मांडता, प्रत्येकाचा देठ खाली करून. मी शेजारी बसून पुसून देतो. मार्केटात व्यापारी येतो, वरच्या थराकडे बघतही नाही, कोपरापर्यंत हात खाली घालतो आणि एक बारकं फळ काढून तुमच्या नाकासमोर धरतो. "काय आप्पा, वर नवरी अन् खाली वऱ्हाड?" तुम्ही दोघंही हसता. एकदा घाईत वर मांडायचं राहिलं, तर तोच व्यापारी बिथरला होता. "आज वर काहीच लावलं नाही? मग खाली काय दडवलंय?" त्याने अख्खं कॅरेट ओतायला लावलं.

त्या गोष्टींतही एवढंच असतं. लिहिणारा वरचा थर मांडतो, वाचणाऱ्याला ते ठाऊक असतं, आणि तळाशी हात घालायची मजा त्याची. यात फसलं कोण? मी दिवसभर घाबरलेला असतो. सुपरवायझर हसला तरी वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. मोजलेला पार्ट पुन्हा मोजतो. खऱ्या माणसांचा तळ मला कधीच लागत नाही. पुस्तकात तो शेवटच्या पानापर्यंत लागतो, आणि तोवर त्या म्हातारीचा चहाही गरम असतो. एवढं सुख मी सोडणार नाही. तुमच्यासाठीही नाही.

मुलीच्या वडिलांनी फळीकडे बघून विचारलं, "हे कोण वाचतं?"

"ह्याच्या मित्राची आहेत," आई घाईने म्हणाली.

"माझी आहेत," मी म्हणालो. "खुनाच्या गोष्टी आहेत."

आईने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मुलगी उठून फळीपाशी गेली. सगळ्यात वरच्या, किटलीचं चित्र असलेल्या पुस्तकाकडे तिने बघितलंही नाही. गठ्ठ्याच्या तळातून एक ओढून काढलं. त्याच्यावर रक्ताळलेला सुरा होता. "खुनी कोण ते आधी सांगू नका हं," ती म्हणाली, आणि ते पर्समध्ये टाकलं.

अजून निरोप आलेला नाही. काय यायचा तो येवो, पुस्तकं फळीवरच राहतील. हे पत्रही तिथेच, गठ्ठ्याच्या तळाशी ठेवतो. फक्त एक सांगतो, आप्पा. किटली वर आणि सुरा तळाला, ही मांडणी काल सकाळी मीच केली होती. नीट पुसून, तुम्ही शिकवलीत तशी.